आबांची वही आणि नातवाची यादी



या सदराकडे येणारी पत्रे बहुतेक मिक्सर, पंखा, विजेचे वाढलेले बिल, मोबाईलची बॅटरी अशाच गोष्टींची असतात. या खेपेला ठाणे जिल्ह्यातल्या एका ताईंनी चार पाने भरून पत्र पाठवले. ते वाचल्यावर बाकीची पत्रे मी बाजूला ठेवली.

ताई लिहितात, "माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो, तीस-पस्तीस वर्षं गायन पार्टीत गायले. जयंतीला गावोगाव जायचे. आता ७९ वय झालं, जिना चढले की दम लागतो. त्यांच्याकडं गाण्यांची जाड वही आहे आणि ट्रंकेत पाच जुन्या कॅसेटी आहेत. माझ्या मुलाला गाण्याबजावण्याचा नाद. तो म्हणतो, आई, आपण घरातच स्टुडिओ करू, आबांची सगळी गाणी रेकॉर्ड करू. त्यानं यादी काढली ती ६२ हजारांची. दोन महिन्यांनी माझी भिशी लागणार आहे. ती द्यावी का? मिस्टर म्हणतात, खूळ आहे, चार दिवसांनी सगळं माळ्यावर जाईल."

ताई, मिस्टरांचेही थोडे बरोबर आहे आणि मुलाचे बरेच बरोबर आहे. ६२ हजार देऊ नका. पण मुलाला नाही म्हणू नका, आणि भिशी लागेपर्यंत थांबू तर मुळीच नका.

कारण असे की, वहीत शब्द आहेत, चाल वहीत नाही. ती आबांच्या गळ्यात आहे. ध्रुवपद किती वेळा फिरवायचे, कोरसने कोणत्या शब्दावर उचलायचे, कुठे श्वास घ्यायचा, ढोलकीवाल्याला मानेने कधी खूण करायची, हे लिहून ठेवता येत नाही. आपली गाणी अशीच गळ्यातून गळ्यात आली. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी जलसे केले, वामनदादा कर्डक (१९२२–२००४) आयुष्यभर गावोगाव गात फिरले. पुढे कॅसेटचा जमाना आला तेव्हा चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला कॅसेटींचे ढीग लागायचे. पण कॅसेट निघायची ती नाव झालेल्या गायकांची. वस्तीतल्या, चाळीतल्या पार्टीचे गाणे कुणी हौसेने टेपवर घेतले तर घेतले. नाहीतर गाणारा गेला की चाल गेली, आणि मागे वही राहिली. अशा वह्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात असतील. नातवंडे त्या उघडतात, कौतुकाने वाचतात, आणि गाता येत नाही म्हणून मिटून ठेवतात.

म्हणून पहिले ध्वनिमुद्रण या आठवड्यातच करा, मुलाच्या मोबाईलवर. त्यात रेकॉर्डर असतोच. फोन विमान मोडवर टाका, म्हणजे मधेच कुणाचा कॉल येणार नाही. हातात धरू नका, बोटे घासल्याचा आवाज येतो. स्टुलावर टॉवेलची घडी ठेवा, तिच्यावर फोन ठेवा, माईकचे बारीक छिद्र आबांच्या तोंडाकडे करा आणि हातभर अंतर ठेवा. पंखा बंद करा. आधी एक मिनिट घेऊन कानाला लावून ऐका, मग पुढे जा. रोज दोनच गाणी घ्या. आबांना दम लागतो म्हणता, तर सकाळी चहा झाल्यावर घ्या, रात्री थकल्यावर नको. मराठवाड्यातल्या कडूबाई खरात एकतारीवर गातानाचे व्हिडिओ मोबाईलवरून घराघरांत पोचले. तेव्हा त्यात कोणता माईक होता, असे कुणी विचारले नाही.

एवढे झाले की वही वाचली. आता स्टुडिओचे बघू.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण ती मुलाने करू नये. २००९ साली मी थोरल्या मामांची गाणी उसन्या रेकॉर्डरवर घेतली. मामांचा आवाज पहाडी. मीटरची पट्टी सारखी तांबड्यात जात होती. मला वाटले, तांबडे म्हणजे दणदणीत. घरी येऊन ऐकले तर वरच्या सुराला सगळा आवाज फाटलेला. म्हटले, पुढच्या जयंतीला पुन्हा घेऊ. त्या जयंतीला मामा नव्हते. फाटलेला आवाज आजच्या सॉफ्टवेअरने थोडाफार झाकता येतो, पण जे गेले ते परत येत नाही.

संगणकावर शून्य ही वरची हद्द असते. सगळ्यात मोठा सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान थांबेल, एवढाच आवाज ठेवायचा. पट्टी अर्ध्यावरच दिसते म्हणून जीव खालीवर होतो, तो होऊ द्यावा. ध्वनिमुद्रण २४ बिटवर ठेवले तर कमी घेतलेला आवाज नंतर खुशाल वाढवता येतो. आणि आधी "आबा, थोडं गुणगुणा" म्हणून पातळी लावू नका. त्यांना गाण्यातली सगळ्यात वरची ओळ पूर्ण जोरात म्हणायला लावा आणि त्यावर लावा.

आता खोलीचे. मुलाच्या यादीत आठ हजारांचे काळे फोमचे तुकडे आहेत. ते खोडा. फोम भिंतीवर लावला म्हणजे बाहेरचा आवाज आत येत नाही, असा एक गैरसमज आहे. फोम खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज थोडा शोषतो, एवढेच. शेजारचा कुकर, लोकल, मुलांचा क्रिकेट, यातले काहीही तो अडवत नाही. खोलीत मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा. टण्ण असा आवाज मागे उरला तर खोली घुमते. मग दोरी बांधून आबांच्या मागे आणि एका बाजूला वाकळा, गोधड्या, जाड चादरी टाका, समोर कपड्यांचे कपाट उघडे ठेवा, खाली सतरंजी अंथरा. पुन्हा टाळी वाजवा. फरक कानाला कळेल आणि खर्च शून्य. बाहेरच्या आवाजावर उपाय एकच, वेळ निवडणे. आमच्या चाळीत दुपारी दोन ते चार नळाला पाणी नसते, मुले शाळेत असतात, तीच वेळ सोन्याची. फ्रिज तेवढ्यापुरता बंद करा, पण मुलाला एका कागदावर "फ्रिज" असे लिहून दारावर चिकटवायला सांगा, नाहीतर दूध नासेल आणि स्टुडिओच बंद पडेल.

यादीत पहिला नंबर कंडेन्सर माईकचा आहे. चित्रफितीत मोठमोठे गायक याच्यासमोर उभे असतात, म्हणून पोरांना तोच हवा असतो. माईक वाईट नाही. पण तो फार कानाचा तिखट. भिंतीवरून परत येणारा आवाज, घड्याळाची टिकटिक, वरच्या मजल्यावरचे पाऊल, सगळे टिपतो. शिवाय त्याला चालायला ४८ व्होल्टचा फँटम सप्लाय लागतो. माझ्या ओळखीच्या एका मुलाला दुकानदाराने कंडेन्सर माईक दिला आणि सोबतचे यंत्र फँटम न देणारे दिले. पोरगा आठवडाभर वायरी बदलत बसला होता.

तुमच्या खोलीला डायनॅमिक माईकच बरा. मंडपवाल्याच्या पेटीत असतो तो. जवळचे ऐकतो, लांबचे सोडून देतो. शूअर कंपनीचा एसएम ५८ हा १९६६ सालापासून चालत आलेला, पण तो दहा हजारांच्या आतबाहेर पडतो आणि त्याच्या नकला बाजारात फार आहेत, म्हणून पक्क्या बिलाशिवाय घेऊ नये. दोन-अडीच हजारांचा चांगला देशी माईकही या कामाला पुरतो. आणि एक गोष्ट पैशात मोजता येत नाही. आबांनी उभी हयात तोच माईक पाहिला आहे. वरच्या सुराला मान मागे न्यायची, खर्जाला जवळ यायचे, हे त्यांच्या अंगात आहे. तो समोर दिसला की आबा आपोआप स्टेजवर जातील. फक्त हातात देऊ नका, स्टँडवर लावा.

तोंडापासून माईक चार बोटे ते एक वीत. 'प', 'फ', 'भ' म्हणताना माईकवर फुंकर बसते आणि धप्प आवाज येतो. आपल्या गाण्यांत तर 'भ' ओळीओळीला! त्यासाठी विकतची जाळी आणू नका. ताई, तुमच्या भरतकामाच्या रिंगमध्ये जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बसवा आणि माईकपुढे बोटभर अंतरावर बांधा. चालते.

माईक संगणकाला जोडायला मधे एक डबी लागते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. दुकानात साउंड कार्डही म्हणतात. मुलाने आठ माईकची लिहिली आहे. कशाला? दोन माईकची घ्या. दोन्ही भोके माईकची आहेत ना, एवढे बघून घ्या, कारण काही स्वस्त डब्यांत एकच माईकचे असते आणि दुसरे गिटारचे. तीन पिनांची वायर बसली पाहिजे, मंडपवाले जिला कॅनन पिन म्हणतात. दुसरे, डबीवर डायरेक्ट मॉनिटर असे बटण हवे. संगणकातून फिरून येणारा आवाज कानाला किंचित उशिरा पोचतो, आणि स्वतःचाच आवाज मागून आला की भलेभले गायक अडखळतात. या बटणाने आवाज संगणकात न जाता सरळ हेडफोनला मिळतो. वस्तू बेहरिंजरची घ्या, फोकसराईटची घ्या, या कामात फरक उन्नीस-बीसचा.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा, बंद पाठीचा घ्या, म्हणजे त्यातला आवाज बाहेर सांडून माईकमध्ये जात नाही. ब्लूटूथचा नको, त्यात आवाज हमखास उशिरा येतो. स्पीकरची जोडी यादीत २० हजारांची आहे. ती खोडा. दहा बाय बाराच्या खोलीत ते स्पीकर खरे सांगत नाहीत आणि शेजाऱ्यांशी भांडण ठरलेले. पियानोसारखा कीबोर्ड आज नको. लॅपटॉप मुलाकडे आहे म्हणता. आठ जीबी रॅम असेल तर पुष्कळ झाले. मुद्रणाच्या वेळी घूंऽऽ असा आवाज येऊ लागला तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा, निम्म्या वेळा तेवढ्याने जातो. घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का, हेही वायरमनकडून एकदा बघून घ्या. ते स्टुडिओ नसला तरी हवेच.

दोन माईक, दोन स्टँड, दोन वायरी, दोन माईकचा इंटरफेस आणि हेडफोन, हे २० ते २५ हजारांत बसते. दर दुकानागणिक बदलतात. लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारून तीन ठिकाणी विचारा.

सॉफ्टवेअरचे मुलाने मोठे नाव लिहिले आहे आणि पुढे "मित्राकडून फुकट" असेही लिहिले आहे. इथे मी जरा कडक बोलतो. चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर पेनड्राईव्हमधून व्हायरस येतो, आणि एके दिवशी आबांची गाणी असलेला लॅपटॉप उघडतच नाही. हे झाले एक. दुसरे असे की, कॅसेटच्या काळात आपल्या कवी-गायकांच्या कॅसेटींच्या नकला सर्रास विकल्या गेल्या, नकलेचे पैसे दुसऱ्यानेच खाल्ले, याची चीड आपण आजवर बोलून दाखवतो. मग दुसऱ्याच्या कष्टाची नकल आपल्या घरात कशी चालेल?

गरजही नाही. ऑडॅसिटी हे २००० सालापासून चालू असलेले सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या फुकट आहे. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हींवर चालते. आबांचे गाणे घेणे, पुढचे-मागचे खोकणे कापणे, पातळी सारखी करणे, कॅसेट उतरवणे, एवढ्याला ते पुरून उरते. मुलाला पुढे कोरस वेगळा, ढोलकी वेगळी असे थर चढवून मिक्सिंग शिकायचे असेल तर रीपर बघावे. साठ दिवस ते पूर्ण चालते, पटले तर घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा, म्हणजे साधारण पाच हजार रुपये. मोठमोठ्या स्टुडिओत प्रो टूल्स असते, क्युबेस असते, ते नोकरी लागेल तेव्हा शिकेल. एकावर हात बसला की दुसरे कळायला वेळ लागत नाही.

त्याला दोन सूचना. आवाज साफ करण्याचे बटण हलक्या हाताने वापर, जास्त केले की आबा पाण्यात बुडून गाताहेत असे वाटते. आणि एकोचा मोह आवर. आपल्या मंडपांनी सगळ्यांच्या कानाला एकोची सवय लावली आहे. हवा तर नंतर नकलेवर दे, मूळ फाईल कोरडीच राहू दे.

साथीचे काय? आबांना मशीनच्या टिकटिकीवर गायला लावू नका. ज्या माणसाने आयुष्यभर ढोलकीवाल्याच्या डोळ्यात बघून लय धरली, तो हेडफोनमधल्या टिकटिकीला बिचकेल. जुन्या पार्टीतले कुणी हयात असतील तर त्यांना बोलवा. एक माईक आबांना, दुसरा पेटी आणि ढोलकीच्या मधे, पेटीकडे जरा सरकवून, कारण ढोलकी आपले ऐकवतेच. ढोलकीवाले काका माईककडे पाठ न करता तिरके बसोत. सगळे एकदमच घ्या. एकमेकांचा आवाज एकमेकांच्या माईकमध्ये थोडा जाईल. जाऊ द्या.

पुढे मुलाने त्यावर कीबोर्ड वाजवायचे ठरवले तर तो बेसूर लागेल आणि तो स्वतःला दोष देईल. दोष त्याचा नसतो. जुनी पेटी बरेचदा आजच्या कीबोर्डच्या स्वराला बरोबर जुळत नाही, थोडी वर किंवा खाली असते. काळी चार म्हणून आबांनी जे धरले ते कीबोर्डच्या काळी चारपेक्षा वेगळे निघू शकते. कीबोर्डमध्ये ट्यूनिंग नावाची सोय असते, तिने कीबोर्ड पेटीला मिळवून घ्यावा.

आता नाजूक गोष्ट. आबा गातात ती सगळी गाणी आबांची नसणार. काही वामनदादांची असतील, काही पार्टीच्या कवीची, काही आबांनी स्वतः बांधलेली. प्रत्येक गाण्याआधी आबांच्याच तोंडून वदवून घ्या : हे गाणे कुणी लिहिले, चाल कुणाची, पहिल्यांदा कुठे गायले, साथीला कोण होते. घरात जपायला मुद्रण करणे वेगळे आणि यूट्यूबवर लोकांत सोडणे वेगळे. आपल्या कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादा २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. पार्टीच्या कवीचे कुटुंब गावाकडे असेल, त्यांना फोन करून विचारा, नाव घाला. आणि चिरंजीवांनो, मोबाईलवर छोटा तुकडा टाकायचा म्हणून शेवटचा अंतरा कापू नका. बहुतेक गाण्यांत कवीचे नाव तिथेच गुंफलेले असते. तो अंतरा कापलात की कवीच कापलात.

मूळ फाईल वेव्ह या प्रकारात ठेवा. २४ बिट आणि ४८ हजार नमुने या मापाने एका माईकचे एक मिनिट साडेआठ-नऊ एमबीचे होते, तासाभराची गाणी अर्ध्या जीबीच्या जरा वर. म्हणजे अख्खी वही एका साध्या पेनड्राईव्हमध्ये मावेल, पण एकावर विसंबू नका. एक प्रत लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक आत्याच्या घरी. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

राहिल्या ट्रंकेतल्या पाच कॅसेटी. त्यांत आबा तिशी-चाळिशीतले असतील, त्यामुळे घाईने हात लावू नका. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या प्लास्टिकच्या जिभा असतात. त्या मोडलेल्या नसतील तर आधी मोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबले तरी जुने पुसले जाणार नाही. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या, ऑडॅसिटी चालू करा आणि कॅसेट पूर्ण वाजू द्या. ९० ची असेल तर एका बाजूला ४५ मिनिटे बसावेच लागते, घाईचा मार्ग नाही. पण त्याआधी वस्तीतल्या जुन्या रेडिओ-टेप दुरुस्तीवाल्याकडून टेपचा रबरी पट्टा बदलून घ्या, हेड स्पिरिटने पुसून घ्या, आणि आधी एखादी बिनकामाची कॅसेट पंधरा मिनिटे लावून बघा. तिची टेप आत गुंडाळली गेली नाही, तर मगच आबांची लावा.